मुक्काम पोस्ट पोशेरा

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे महिन्याच्या उकाड्यात एक डोंगर चढून गेले आणि वर गार वारा लागल्याबरोबर त्यांना माथेरानचा शोध लागला. त्या डोंगरात ठाकर आणि धनगर आधीपासून होते, पण त्यांना शोध लागलेला नव्हता. ते नुसतेच राहत होते. मग बंगले आले, कड्यांना साहेबांची आणि मडमांची नावं मिळाली, 1907 साली छोटी आगगाडी आली, घोडे आले, चिक्की आली. थंड हवेचं ठिकाण कसं असावं याचा नकाशा तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात पक्का आहे. पॉइंट हवेत, घोडा हवा आणि परतताना चिक्की हवी.

जव्हारची पंचाईत अशी, की तिथं मॅलेटसाहेब चढलेच नाहीत. त्यांच्याच जिल्ह्याला लागून, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, चांगलं गार गाव. पण ते पडलं मुकण्यांचं संस्थान. राजाच्या डोंगरावर कलेक्टरनं नुसतं उकडतंय म्हणून चढायचं नसतं. परिणाम असा, की जव्हारला आगगाडी नाही, साहेबाच्या मडमेच्या नावाचा कडा नाही, आणि ‘जव्हारला जाऊन येतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, आपण कुणाला तरी भेटायला सरकारी दवाखान्यात चाललोय, असे भाव येतात.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र नुसते भाव आणून थांबणारे नव्हेत. त्यांनी थेट विचारलं, “तिथं बघण्यासारखं काय आहे?”

सेक्रेटरींची ओळख करून द्यायला हवी. ते या पदावर बिनविरोध आहेत, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच आहे. पहाटे उठून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणं हे त्यांचं मुख्य काम. तो त्यांनी वॉचमनकडे कधीच दिला नाही. जिन्यात भेटले की “आज अर्धा तास जास्त पाणी सोडलं” असं सांगतात. भगीरथानंतर हे वाक्य इतक्या अधिकारानं उच्चारणारा माणूस मी पाहिलेला नाही. अशा माणसाला कोरडं उत्तर देऊन चालत नाही, म्हणून मी म्हणालो, “धबधबे आहेत.” पाण्याचं नाव निघताच ते यायला तयार झाले.

माझा मामेभाऊ त्या बाजूला शाळामास्तर आहे आणि पोशेऱ्यात खोली घेऊन राहतो. पोशेरा हे जव्हार-मोखाडा रस्त्यावरचं गाव. हौशी लोक जव्हार बघून मागं फिरतात. भाविक लोक मोखाडा ओलांडून तोरंगणच्या घाटानं त्र्यंबकेश्वरला जातात. दुसऱ्या जातीच्या प्रवाशांच्या वाटेत पोशेरा लागतं, पण “त्र्यंबक किती राहिलं?” एवढं विचारण्यापुरतीच गाडीची काच खाली होते. आम्ही गाडी थांबवून चक्क बॅगा काढायला लागलो, तेव्हा दोघातिघांनी जवळ येऊन आपुलकीनं विचारलं, “काय बिघडलं?”

ऑगस्ट होता. उतारावर नागली हिरवीगार, तिच्यात पोत्याची नाहीतर प्लॅस्टिकची खोळ पांघरून वाकलेली माणसं, आणि डोंगराच्या प्रत्येक घडीतून एकेक पांढरी रेघ उतरलेली. सेक्रेटरींनी गाडीतून उतरल्या-उतरल्या पाच-सहा धबधबे मोजले आणि विचारलं, “यातला मुख्य कोणता?” भाऊ म्हणाला, “यांना नाव नाही. हे असेच आहेत.” सेक्रेटरींनी लगेच मोबाइल खिशात ठेवला. बिननावाच्या धबधब्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहायचं काय?

नाव असलेला धबधबा म्हणजे दाभोसा. लेंडी नदी तिथं तीनशे फुटांवरून खाली उडी घेते. जव्हारपासून वीसेक किलोमीटर. वाटेत एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तर त्यांनी हनुवटीनंच दिशा दाखवली. “तठंच हाय. ह्यो डोंगूर उतरला का आला.” या भागात ‘तठंच’ हे अंतराचं माप आहे. ते एक किलोमीटरही असतं आणि नऊही. सांगणाऱ्यानं ते रोज पायी तुडवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ते खरोखरच तठंच असतं. आम्ही एक डोंगर उतरलो, दुसरा चढलो, तिसऱ्याशी पोचलो, आणि मनाई आदेशाच्या फलकासमोर उभे राहिलो.

धबधब्यांच्या बाबतीत इथलं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. पावसाळ्यात पाणी धो-धो असतं तेव्हा प्रशासन तिथं जायला बंदी घालतं. पावसाळा सरतो, बंदी उठते, आणि धबधबाही हळूहळू बारीक होत जातो. म्हणजे धबधबा असतो तेव्हा रस्ता बंद, आणि रस्ता उघडतो तेव्हा धबधबा आटोपलेला. ही बंदी कुणी हौसेनं घालत नाही. आपटाळ्याजवळच्या काळमांडवीला 2020 च्या जुलैत एकाच दिवशी 5 तरुण बुडाले; मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघत मागं सरकणाऱ्या माणसाला दरी आडवी येत नाही. सेक्रेटरींना नियम तोडायचा मोह झाला नाही, कारण जन्मभर तेच दुसऱ्यांना नोटिसा लावत आलेत. त्यांनी फलक शांतपणे वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, आणि फलकाचाच फोटो काढून ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, ‘दाभोसा धबधबा (आत)’.

फोटो मात्र गेला नाही, कारण रेंज नव्हती. पोशेऱ्याला परतल्यावर भावानं तोडगा सांगितला. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक दगड आहे, त्यावर उभं राहून तोंड जव्हारकडे केलं की रेंज येते. संध्याकाळी गेलो, तर तिथं आधीच माणसं. एक मुलगा अर्ज भरत होता, एक जण वीटभट्टीच्या मुकादमाशी हुज्जत घालत होता, एक नवी सून माहेरी बोलत होती आणि बाकीचे तिचं संपेपर्यंत सौजन्यानं दरीकडे पाहत होते. साहेबाच्या कृपेवाचून या मुलखाला मिळालेला हा एकमेव अस्सल पॉइंट. दगडावरून सूर्यास्तही सुरेख दिसत होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जव्हारमध्ये सूर्यास्तासाठी रीतसर वेगळी जागा आहे. तिथली दरी धनुष्यासारखी वाकलेली, म्हणून त्या जागेला पूर्वी धनुकमाळ म्हणत. पुढे पर्यटनाचे वारे वाहायला लागले आणि कुणातरी शहाण्याला वाटलं, की अशा नावाला कोण येणार? म्हणून तिचा सनसेट पॉइंट केला. आता भारतातल्या चारशे सनसेट पॉइंटांत तो आणखी एक. आम्ही गेलो तेव्हा ढगांनी सूर्य दुपारीच उचलून नेला होता. तरी बाकावर माणसं पश्चिमेकडे तोंड करून बसली होती, कणसं खात होती आणि सूर्यास्ताची वेळ झाल्यावर उठून गेली.

गावाचा इतिहास मात्र असा ढगात गेलेला नाही. तो चांगला सातशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात तर थेट सेक्रेटरींच्या खात्यातली निघाली. दंतकथा अशी, की मुकणे घराण्याच्या मूळपुरुषानं तिथल्या कोळी नायकाकडे बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हसून हो म्हणाला. मग याने ते कातडं बसून बारीक-बारीक वाद्यांत कापलं, वाद्या एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या आत मावेल एवढा मुलूख वेढून घेतला. हीच युक्ती कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीच्या नावावरही आहे. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर राणीनं केली ती आणि सह्याद्रीच्या उतारावर कोळी राजानं केली ती एकच कशी, यावर विद्वान बोलतील. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, “कार्पेट एरिया सांगून बिल्ट-अप उचलला. आमच्या बिल्डरनं उलटं केलं होतं.”

आज त्याच मुलखात ‘डोंगरउतारावर निसर्गरम्य प्लॉट’ अशा पाट्या रस्त्याला दिसू लागल्या आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही, असा कायदा आहे. बैलाचं कातडं आता कागदाचं झालंय, पण ते कापण्याची कला जिवंत असावी असा संशय येतो.

त्या मूळपुरुषाच्या मुलाला, नेमशाहला, दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला तो दिवस 5 जून 1343. जव्हारला त्याचं इतकं अप्रूप, की त्या दिवसापासून संस्थानानं स्वतःची कालगणनाच सुरू केली. सध्या 5 जून हा जागतिक पर्यावरण दिन असतो. आमच्या सोसायटीत त्या दिवशी सेक्रेटरी दरवर्षी एक रोप लावतात. खड्डा मात्र गेल्या वर्षीचाच असतो.

शिरपामाळावर शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांची भेट झाली. 1664 च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीवर जातानाची गोष्ट. महाराजांनी राजांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून तो शिरपामाळ. माळावर उभं राहिलं की ही भेट डोळ्यांपुढं आणणं सोपं जातं, कारण मध्ये यायला फारसं काही बांधलेलं नाही. पुढे 1672 साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हारच जिंकून घेतलं, पण ती हकिकत माळावर कुणी सांगत नाही. सेक्रेटरींना त्यात नवल वाटलं नाही. सत्कार इतिवृत्तात येतो, त्यानंतरचं भांडण ‘इतर विषय’ मध्ये घालतात, असं त्यांनी मला समजावलं.

मग जयविलास राजवाडा. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला, गुलाबी छटेच्या दगडाचा, टेकडीवर, भोवती झाडी. गावात शिरताना भेटणारी एसटीची लाल धूळ इथपर्यंत पोचत नाही. संस्थानाला 9 तोफांची सलामी होती. ग्वाल्हेरला 21, पण जव्हारला दारूगोळा डोंगर चढवून वर आणावा लागत असणार, हेही धरावं. यशवंतराव हा माणूस मला फार आवडतो. ज्यांच्या राज्यात आगगाडी नव्हती ते राजे दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. पुढे 1948 साली संस्थान विलीन झालं आणि ते निवडणूक लढवून लोकसभेत गेले. राजवाड्यात सिनेमांची शूटिंगं होतात, त्यामुळे पाहुण्यांना इतिहासापेक्षा, कुठला नट कुठल्या जिन्यावरून उतरला यात जास्त रस. सेक्रेटरी मात्र छताकडे बघत होते. बराच वेळ. शेवटी हळूच मला म्हणाले, “गळती दिसत नाहीये. महिन्याला मेंटेनन्स किती येत असेल हो?”

रात्री भावाच्या घरमालकीण काकूंनी जेवायला नागलीची भाकर, उडदाची डाळ, लसणीचा ठेचा आणि एक रानभाजी वाढली. सेक्रेटरींना डॉक्टरांनी नाचणी, म्हणजे हीच नागली, खायला सांगितली आहे. मुलुंडला ते ती चिप्सच्या स्वरूपात, पाकिटातून, सोन्याच्या भावानं आणतात. इथं ती गरम आणि वाटेल तेवढी मिळत होती. 2023 हे साल भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, हे त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंनी आदरानं ऐकून घेतलं आणि त्यांच्या नातवानं माझ्या बहिणीनं पाठवलेल्या बेकरीच्या खारीचा पुडा तेवढ्यात संपवला.

पाहुण्यांची या भागाला तशी सवय आहे. 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली तेव्हा महाराष्ट्राला जव्हार एकदम दिसलं. मंत्री आले, अधिकारी आले, वार्ताहर आले, गाड्यांची रांग लागली. त्याआधी आणि त्यानंतर वावरचा रस्ता बराच मोकळा असे. दिवाळी झाली की इथली माणसं कुटुंबासकट भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायला घाट उतरतात, आणि त्याच सुमारास हवा छान पडते म्हणून आम्ही घाट चढतो. ट्रक आणि मोटार वळणावर एकमेकांना बाजू देतात. एरवी ओळख नाही.

सेक्रेटरींना पुन्हा इथं आणलं ते बोहाड्यानं. होळीनंतर मोखाडा-जव्हारच्या गावांमधून हा उत्सव सुरू होतो. देवांचे, दैत्यांचे, प्राण्यांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसं रात्रभर संबळाच्या तालावर नाचत येतात. एका वेळी एक सोंग, पुढं उजेड, मागं वाजंत्री. परंपरेनं सोंगं 52 सांगतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी अभिमानानं सांगितलं, की अमुक सोंग आजोबांपासून आमच्याच घरात आहे. सेक्रेटरी त्यांना म्हणाले, “मी समजू शकतो. आमच्याकडेही दुसरं कुणी घेत नाही.”

अडचण एकच होती, की ते दर सोंगाला विचारत, “मुख्य कार्यक्रम कधी?” मुख्य कार्यक्रम म्हणजे देवी आणि महिषासुराचं युद्ध, आणि ते होतं पहाटे. देवीला घाई नसते, प्रेक्षकांनाही नव्हती. आया पोरांना मांडीवर झोपवून बसल्या होत्या, म्हातारे टेकून, तरुण मंडळी मधूनच उठून वडापाव खाऊन येत होती. आपल्याकडे नाटक अडीच तासांच्या वर गेलं की लोक शेवटची लोकल बघू लागतात. इथं नाटकानंच लोकांना पहाटेपर्यंत सोबत केली. सेक्रेटरी दहाव्या-बाराव्या सोंगाला झोपी गेले. बरोब्बर व्हॉल्व्हच्या वेळेला त्यांना जाग आली, तर समोर हातभरावर महिषासुर. त्यांनी दचकून हात वर केला, आणि तो काहीतरी फिरवण्याच्या पवित्र्यात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोडाळ्याकडे निघालो. देवबांधच्या गणपतीला नमस्कार केला, सूर्यमाळची हवा खाल्ली. वाटेत भावानं लांबून एक निळा पट्टा दाखवला. “मध्य वैतरणा. आपल्या तालुक्यातलं धरण. कोचाळ्याला. 102 मीटर उंच.”

“इथल्या शेतीला?” सेक्रेटरींनी विचारलं.

“मुंबईला. दिवसाला 45 कोटी 50 लाख लिटर. इथून सोडलं की नदीनं मोडकसागरात येतं, मग बोगद्यांनी आणि नळांनी भांडुपला. तिथं शुद्ध करून तुमच्याकडे.”

सेक्रेटरी गाडीतून उतरले. कठड्याशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. आजवर त्यांची समजूत, पाणी व्हॉल्व्हमधून निघतं अशी नव्हती. पण व्हॉल्व्हच्या मागं कुणीतरी असेल याचा त्यांनी विचारही केला नव्हता. मुंबईकर चार तास गाडी हाकून इथं पाणी बघायला येतो, आणि तेच पाणी रोज त्याच्या बादलीत, घरपोच, सूर्योदयापूर्वी आलेलं असतं. तिथं त्याचा फोटो कुणी काढत नाही. सेक्रेटरींनी धरणाचा फोटो काढला. या खेपेला खाली काय लिहायचं याचा प्रश्न नव्हता: ‘आपली टाकी’.

परतीच्या वाटेवर एका पाड्यापाशी गाडी अडकली. एप्रिलचं ऊन, कोरडी विहीर, आणि टँकर नुकताच आलेला. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांना पाणी पुरवायचं ते टँकरनं. टँकर आपला पाइप विहिरीत सोडतो आणि बाया विहिरीतून हंडे-कळश्या भरून घेतात. चाळीसएक बाया, त्याहून जास्त हंडे, एक गोंगाट. सेक्रेटरींना राहवेना. नेमकी त्यांच्या अधिकारक्षेत्रातली बाब. ते गाडीतून उतरून गर्दीत शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की हे असं चालणार नाही, आधी रांग लावा, प्रत्येक घराला नंबर द्या, वेळ ठरवा आणि वेळापत्रक भिंतीवर लावा. आमच्याकडे 64 फ्लॅट आहेत, पण कधी तक्रार नाही.

गोंगाट थांबला. एका आजींनी डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू कठला?”

“मुंबईचा. मुलुंड.”

“तठं पानी तूच सोडतोस?”

“हो,” सेक्रेटरी म्हणाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. “रोज सकाळी. मीच.”

“मंग येक दिस बंद ठेव ना. अठं येऊ दे.”

बाया हसल्या. टँकरचा ड्रायव्हरही हसला. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आजींच्या मागणीचा खरोखरच विचार करून म्हणाले, “त्याला जनरल बॉडीची मंजुरी लागते, आजी. आणि कोरमच होत नाही.”